आलुबुखारच्या फिल्मचा निकाल

अण्णा, तुमच्या त्या तीन ओळी परत वर आल्या आहेत, आणि निस्तरायचं आलंय माझ्या गळ्यात. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की गल्लीतल्या निम्म्या लोकांना तुम्ही इथे राहत होतात हेही माहीत नाही. भाजीवाल्याला मी अण्णा म्हणते, रिक्षावाल्याला अण्णा म्हणते, या गावात अण्णा अशी हाक मारली तर सगळा रस्ता वळून बघतो. पण आज हाक तुम्हालाच आहे, दुसऱ्या कुणी ओ देऊ नये. झालंय असं, की माझ्या ऑफिसात पुण्याचा एक मुलगा आहे, त्याने आणि त्याच्या मित्रांनी मिळून तुमची फिल्म सोसायटी पुन्हा सुरू केली आहे. नाव तेच, बाकी सगळं नवं. येत्या शनिवारी जे. पी. नगरातल्या एका छोट्या हॉलमध्ये ते आलुबुखारची फिल्म दाखवणार आहेत. तिचं खरं नाव आपल्या घरात कधी कुणाला धड उच्चारता आलं नाही, म्हणून आपण तिला तसं म्हणायचो. त्या देशातल्या लोकांनी जुनी प्रत धुऊनपुसून नवी केली आहे, आणि प्रेक्षकांना वाटायच्या कागदावर सगळ्यात वर या मुलाला तुमचा निकाल छापायचा आहे. कुण्या जुन्या मेंबराच्या घरी आवराआवरी करताना तुमच्या बुलेटिनचं एक पान निघालं, कुणीतरी त्याचा फोटो काढून फोनवर टाकला आणि तो गावभर फिरला. उद्या सकाळी मी त्याला हो की नाही ते सांगायचं आहे. त्याने विचारलं तेव्हा त्या बिचाऱ्याला ठाऊकही नव्हतं की तुम्ही ज्या फिल्मवर निकाल दिलात ती फिल्म जगात नाहीच. आपल्याकडे तिची रिळं उलटसुलट लागली होती, आणि तुम्ही त्या गोंधळाचं तोंड भरून कौतुक करून बसलात.

निकाल हा शब्दही तुमचाच. परीक्षण म्हटलं की शाळा आठवते आणि समीक्षा म्हटलं की झोप येते, असं तुम्ही म्हणायचात. रविवारी सकाळचा खेळ संपला की मागच्या खोलीत चहाचं पातेलं चढायचं. चहाला उकळी येईपर्यंत तुम्ही तीन ओळी लिहायच्या आणि दाराशेजारच्या फळ्यावर टाचणीने लावायच्या, आणि तोवर कुणी फिल्मबद्दल अवाक्षर काढायचं नाही, ही सोसायटीची रीत. हवापाण्याचं बोला, बसच्या संपाचं बोला, फिल्मचं नाही. बँकेतले, कॉलेजातले, सरकारी कचेरीतले, एरवी एकमेकांना बोलू न देणारे लोक रिकामे कप हातात धरून मुकाट उभे, का, तर यशवंतपूरच्या एका कारखान्याच्या स्टोअर्समधला हेडक्लार्क आत काहीतरी खरडतो आहे. निकाल लागला की एकदम गलका उठायचा. फळ्यावर कन्नड, खाली इंग्रजी. पण त्या ओळी तयार व्हायच्या मराठीत, कारण लिहिताना तुमचे ओठ हलायचे आणि मी शेजारी असायचे. तारे द्यायचे नाहीत. गोष्ट सांगत बसायचं नाही. आणि शेवटची पाटी पडद्यावरून जाईपर्यंत खुर्ची सोडायची नाही, फिल्म आधी पाहिलेली असली तरीही. शेवट न बघता मत देणारा माणूस जेवणाआधी ढेकर देतो, हे तुमचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की अजून कुणी ढेकर दिला की मला फिल्म सोसायटी आठवते.

त्यावरून मी एकदा काय बोलणी खाल्ली होती. कॉलेजात होते, एका इटालियन फिल्मवर पहिल्यांदाच स्वतःहून निकाल लिहून तुमच्यापुढे ठेवला. बस चुकेल म्हणून शेवटचा थोडा भाग सोडून मी निघाले होते. लिहिलं होतं, सुंदर आणि तरल. तुम्ही चष्मा वर केलात आणि विचारलंत, 'शेवटी तो म्हातारा दार उघडतो का गं?' मला कुठे माहीत. 'मग सुंदर कशाला म्हणालीस? आणि सुंदर हे मत नव्हे, सुस्कारा आहे. तरल म्हणजे काय, कढी आहे का ती?' कागदाची घडी घालून तुम्ही ती हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारलीत. टेबल हलायचं थांबलं हे कबूल, पण मी तीन दिवस तुमच्याशी बोलले नाही, आणि तुमच्या ते लक्षातही आलं नाही.

फिल्मांपुरतं ठेवलं असतंत तरी चाललं असतं. पण घरातही तेच. उपम्यावर निकाल, पाहुण्यांवर निकाल, माझ्या प्रगतिपुस्तकावर निकाल. हे मला बघायला आले तेव्हा त्यांच्या आईवडिलांची पाठ वळायची खोटी, तुम्ही म्हणालात, 'सुरुवात बरी आहे. माणूस कमी बोलतो, ते लपवायला की मुळातच काही नाही, हे मध्यंतरानंतर कळेल.' आता आमचं मध्यंतर होऊन किती वर्षं लोटली, हे अजून कमीच बोलतात, आणि तुमची ती ओळ मी त्यांना कधी सांगितलेली नाही. लग्नात आहेर म्हणून काय दिलंत, तर सोसायटीचं आजीव सदस्यत्व. सासरची माणसं ते पाकीट उलटंपालटं करून बघत होती. पुढच्याच वर्षी सोसायटी बंद पडली. हसावं की रडावं.

आणि आता ऐका, तुमच्या मुलीचं पोट कशावर चालतं ते. व्हाइटफील्डला जाते मी. घरापासून तिथे पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तुमचे दोन खेळ झाले असते. फोनवर फिल्मा दाखवणारी एक कंपनी आहे, तिच्याकडच्या परदेशी आणि लहानसहान स्वतंत्र फिल्मांखाली एकेक वाक्य लिहायचं हे माझं काम. वाक्य किती अक्षरांचं हवं ते कॉम्प्युटर ठरवतो, एक अक्षर जास्त झालं की लाल होतो. शिवाय ठरलेल्या शब्दांतून दोन निवडून चिकटवायचे, हळुवार, अस्वस्थ करणारी, वेगळ्या वाटेची. काही फिल्मांवर कल्ट असा शिक्का बसतो, तो मी मारत नाही, तो आपोआप बसतो, किती जणांनी परत परत पाहिली त्यावरून. एका आठवड्यात तुम्ही वर्षभरात पाहत होतात तेवढ्या फिल्मा माझ्या टेबलावरून जातात. खाली लोकांचे निकाल. अडीच तारे, वेळ वाया. एक तारा, संथ. पाच तारे, रडलो. कुणाला चहाची उकळी येईपर्यंत थांबायचं नाही, पाटी जायच्या आधीच अंगठा वर नाहीतर खाली. मी संध्याकाळी कॅबमध्ये बसते तेव्हा माझं डोकं भणभणत असतं, आणि अण्णा, खरं सांगते, मला तुमचाच राग येतो. हे तीन ओळींचं खूळ तुम्ही माझ्या डोक्यात घातलं नसतंत तर मी बँकेत लागले असते.

पण खरा राग तो नाही. खरा राग आईचा आहे. आईला तुमच्या फिल्मांचं काही पडलेलं नव्हतं, रविवारी तेवढंच घराबाहेर पडायला मिळतं म्हणून ती यायची. दुसरं रीळ लागलं की तिची मान खाली. तुम्ही अंधारात पडदा सोडून तिच्याकडे बघायचात. घरी येताना बसमध्ये म्हणायचात, 'आज तुझी आई जागी होती, म्हणजे फिल्ममध्ये काहीतरी आहे.' आणि ती म्हणायची, 'जागी कसली, खुर्चीचा खिळा टोचत होता.' उन्हाळ्याच्या तोंडाशी वर्षाची चिंच घरात यायची, तेव्हा मागच्या अंगणात पोतं पसरून ती चिंचोके काढायला बसे. समोर ॲल्युमिनियमची बादली, चिंचोका पडला की टण्ण. तुम्ही पायरीवर बसून पुढच्या महिन्याच्या फिल्मांची माहिती तिला वाचून दाखवताय, आणि ती मान वर न करता म्हणते, 'स्वल्प सरका की, उजेड अडवताय.' तुम्ही सरकता. वाचणं चालूच. बादलीत टण्ण, टण्ण.

मी नववीत असताना तिला तापाचं निमित्त झालं आणि आठवडाभरात ती गेली. लोक येत होते, बसत होते, रडत होते. शेजारची अक्का तुमच्यासमोर पदर डोळ्याला लावून म्हणाली, 'किती शांत बाई होती हो.' तुम्ही मान हलवलीत. सोसायटीतले सगळे येऊन गेले, मान हलवलीत. महिना झाला, दोन झाले, तुम्ही कारखान्यात जायचात, यायचात, डबा घासून पालथा घालायचात. उपम्यावर सुद्धा काही बोलेनासे झालात, आणि मी केलेला तो उपमा बोलण्यासारखा नक्कीच असायचा. मी वाट बघत होते, अण्णा. ज्या माणसाकडे परक्या देशातल्या, परक्या भाषेतल्या, कधी न भेटलेल्या माणसांवर तीन ओळी होत्या, त्याच्याकडे आईवर एकही ओळ नव्हती. मला वाटायचं, एकदा तरी काहीतरी बोलतील, मग मलाही रडता येईल.

त्याच वर्षी दिवाळीनंतर आलुबुखारची फिल्म आली. शनिवारी तुम्ही मला यशवंतपूर स्टेशनवर घेऊन गेलात. पार्सल ऑफिसातून ते गोल पत्र्याचे डबे सोडवायचे आणि रिक्षात मांडीवर घेऊन घरी आणायचे हे आपलं नेहमीचं काम. आधीच्या गावी कुणीतरी रिळं भलत्याच डब्यांत भरून ठेवली होती, हे तेव्हा आपल्याला कळायचं काही कारण नव्हतं, डब्यांवर आकडे व्यवस्थित होते. रविवारी खेळ लागला. लहानसं गाव, एक सुतार, त्याची बायको, शाळेत जाणारी मुलगी. तिसरं रीळ लागतं आणि बायको अंथरूण धरते. मग ती मरते, सुतार स्वतः पेटी करतो, पावसात तिला पुरतात. रीळ बदलायला दिवे लागले तेव्हा मला उठून जायचं होतं. तुम्ही मला बस म्हणाला नाहीत, जा म्हणाला नाहीत. दिवे गेले, नवं रीळ लागलं, आणि पडद्यावर उन्हातलं अंगण आलं. तीच बाई स्टुलावर बसून आलुबुखारांच्या बिया काढतेय, पत्र्याच्या बादलीत टाकतेय, टण्ण, टण्ण. हात कोपरापर्यंत लाल. नवरा काहीतरी बोलतो, ती हसते, मान वर करत नाही. हॉलमध्ये सगळे सावरून बसले. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही पडद्याकडे बघत होतात, आणि तुमचा हात खुर्चीच्या दांडीवर होता, घट्ट. शेवटच्या रिळात सुतार परत एकटा, टेबलाशी जेवतोय. पाटी आली, गेली. तुम्ही आत गेलात. चहाला उकळी आली. ओतू गेला. पातेलं उतरवलं, चहा कपांत ओतला, तो निवला तरी निकाल नाही. असं कधीच झालं नव्हतं.  मग तुम्ही बाहेर आलात, कागद टाचलात, आणि माझा हात धरून बसस्टॉपवर निघालात.

बाई मरते, तिला पुरतात, आणि नंतर ती अंगणात बसून आलुबुखारच्या बिया काढते. दिग्दर्शक कारण देत नाही, आणि तेच बरोबर आहे. घरातलं माणूस गेलं की त्या घरात असंच होतं.

माझा संताप संताप झाला. आईवर गप्प, आणि त्या कोण कुठल्या बाईवर तीन ओळी. त्याही फळ्यावर, सगळ्या गावासमोर. बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. आणि पुढच्या रविवारी तमाशा. सोसायटीत इंग्रजीचे एक प्राध्यापक होते, त्यांनी ती फिल्म पूर्वी दिल्लीत पाहिलेली. ते त्या दिवशी परगावी होते, परत येऊन बुलेटिनसाठी ठेवलेला निकाल वाचला आणि सगळ्यांसमोर उभे राहिले. 'सार, तुमचं तिसरं आणि चौथं रीळ अदलाबदल झालंय. आलुबुखार आधी आहे. ती बाई मेल्यावर परत येत नाही.' सगळे तुमच्याकडे बघायला लागले. तुम्ही म्हणालात, 'दिल्लीला चूक झाली असेल.' लोक हसले, त्यांना वाटलं विनोद. प्राध्यापक हसले नाहीत. ते म्हणाले, निकाल मागे घ्या, बुलेटिनमध्ये दुरुस्ती छापा, झालं. कुणी म्हणालं, ती सुताराची आठवण असेल असं समजून लिहिलं म्हणा. तेही नाही. 'आठवण नव्हती ती. बाई तिथे बसली होती.'

अहो, तुम्हाला माहीत होतं. खेळाच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, डबे परत पाठवायच्या आधी, तुम्ही तिसऱ्या डब्यातल्या रिळाचं टोक उलगडून खिडकीशी उजेडात धरलं होतंत. त्यावर चारचा आकडा होता. मी दारात उभी होते, मलाही दिसला. तुम्ही ते टोक जपून परत गुंडाळलंत, डबा बंद केलात आणि मला म्हणालात, 'चहा टाक.' आणि एवढं असून बुलेटिन निघालं ते त्याच तीन ओळी घेऊन. प्राध्यापक गेले, त्यांच्याबरोबर निम्मे मेंबर गेले, मल्लेश्वरमला दुसरी सोसायटी निघाली. तिथे तुमच्या नावाने चहाच्या वेळी काय काय किस्से रंगायचे ते माझ्या कानावर येत होतं. मी तुमच्याशी किती वेळा भांडले असेन. शेवटच्या आजारपणात सुद्धा, उशी नीट करता करता मी म्हटलं, अण्णा, आता तरी म्हणा की चुकलं. तुम्ही डोळे मिटून म्हणालात, 'आम्ही पाहिली ती तशीच होती.' असा हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि मी ऑफिसात बरेच पाहते.

तर आता हा पुण्याचा मुलगा. चांगला आहे, मला मॅम न म्हणता ताई म्हणतो. परवा येताना कॅबमध्ये गाडी एका जागी खिळलेली, तेव्हा त्याने विषय काढला. 'ताई, तुमच्या फादरचं ते लास्ट सेंटेन्स, सीरियसली, मी वाचून गप्पच झालो.' मग माझ्याने राहवेना, मी त्याला रिळांचं सगळं सांगितलं. मला वाटलं, ऐकून हिरमुसेल आणि प्रश्न मिटेल. त्याचे डोळे लकाकले. 'ताई, हे तर भारीच आहे. हेच टाकू या ना. रॉन्ग रीलची स्टोरी, सगळ्यात वर. लोक याच्यासाठी येतील. लेजंड होतील ते.' मी म्हटलं, हसतील रे त्यांना. 'प्रेमाने हसतील हो ताई.' प्रेमाने हसतात तेही हसतातच, हे त्याच्या वयाला कसं कळावं. मी म्हटलं, विचार करून सोमवारी सांगते. तो म्हणाला, सरी, आणि नव्या प्रतीवर तुमच्याही तीन ओळी द्या. सरी म्हणजे बरं, तेवढं कन्नड शिकला आहे.

विचार तरी काय करायचा. किस्सा छापला तर तुम्ही कायमचे गमतीचा विषय. किस्सा न छापता नुसत्या ओळी छापल्या तर लोक फिल्म बघतील, बाई काही परत यायची नाही, आणि म्हणतील हा माणूस फिल्म न बघता लिहीत होता. तुमच्याबद्दल यापेक्षा खोटं काही बोलता येणार नाही. आणि नको म्हटलं, तर संपलंच. बाकीची बुलेटिनं वाळवीने खाल्ली. तुम्ही आयुष्यभर जे लिहिलंत त्यातलं जगात आता एवढंच उरलं आहे, आणि ते नेमकं चुकीचं. दुसरं एखादं पान नाही का निघायचं त्या मेंबराच्या घरी?

म्हणून आज दुपारी फिल्म बघायला बसले. त्या मुलाने लिंक पाठवली होती. हे आत झोपले होते, मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला. प्रत लख्ख आहे, ओरखडा नाही, सुताराच्या दाढीचे खुंट मोजता येतात. क्रम बरोबर. अंगण आलं, आलुबुखार आले, बादली आली. या वेळी मला ती मधूनच खोकते ते दिसलं, आपल्याला तेव्हा ते कळायला मार्गच नव्हता. मग अंथरूण, मग पेटी, मग पाऊस. फिल्म चांगली आहे अण्णा, साधी, सरळ, कुठे उगाच लांबवलेली नाही. प्राध्यापकांचं बरोबर होतं. मी डोक्यात वाक्यं सुद्धा जुळवायला लागले होते, तुमच्या त्या ओळींखाली कुठली दुरुस्ती टाकायची त्याची. पेटीवर माती पडली, सगळे चिखलातून परत निघाले, सुताराने घराचं दार ढकललं. आणि मी वाट बघत बसले. कशाची, ते मला पक्कं ठाऊक होतं, आणि ते येणार नाही हेही ठाऊक होतं. नववीतल्या पोरीसारखी, हात खुर्चीच्या दांडीवर. ऊन आलं नाही. सुतार टेबलाशी बसला.

तेव्हा मी बोटाने खालची पट्टी मागे ओढली. सोपं आहे ते आता, डबे लागत नाहीत. मागे, आणखी मागे, अंगण येईपर्यंत. ती स्टुलावर बसली होती. टण्ण. मी आवाज वाढवला. आतून हे म्हणाले, 'काय पडलं?' मी म्हटलं, काही नाही, झोपा. नवरा काहीतरी बोलला, ती हसली, मान वर केली नाही. तेवढा भाग संपला की मी परत मागे ओढायचे. किती वेळा ते विचारू नका. आई गेल्यावर आपण दोघं एकमेकांसमोर कधी रडलो नाही, आज मी त्या टेबलाशी बसून रडून घेतलं, आणि रागही आला, कारण तुम्ही बोलला होतात. तुम्हाला जमलं तेवढं, जमलं तिथे, टाचणीने लावून, सगळ्या गावासमोर बोलला होतात, आणि मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. मला घरात, स्वयंपाकघरात, आपल्या भाषेत ऐकायचं होतं हो. तेवढं का नाही जमलं? हा प्रश्न मी सोडणार नाही, तुम्ही कुठेही असा.

त्या मुलाला आत्ताच कळवून टाकलं, उद्यापर्यंत थांबले नाही. म्हटलं, निकाल छाप, एक शब्दही न बदलता. रिळांचा किस्सा नको. त्याखाली बारीक अक्षरात एवढंच, हा निकाल आम्ही पाहिलेल्या प्रतीचा आहे. आणि माझ्या तीन ओळी सोबत दिल्या आहेत. त्याचा लगेच अंगठा आला, मग जरा वेळाने, 'ताई, तुमच्या ओळी जरा ड्राय नाही वाटत?' वाटू देत. नवी प्रत स्वच्छ आहे. रिळं क्रमाने आहेत. बाई परत येत नाही.

हे सगळं लिहिलंय खरं, पण पाठवायचं कुठे, फळाही नाही आता. लॅपटॉप मिटण्याआधी एकच सांगायचं राहिलं, म्हणजे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. पट्टी मागे ओढल्यावर अंगणाच्या पुढे मी परत गेलेच नाही. सुतार जेवून उठतो की नाही, पाटी कधी येते, काही बघितलं नाही. शेवट न बघता निकाल दिला, अण्णा. ओरडायचं तर ओरडा.